धातूपासून शब्द : सीमाभागातील भाषांचा एक पाठ

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण व कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या भाषा पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा मुलूख हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. परंतु बाजारातील व बांधावरील बोलणे पूर्वीसारखेच मिश्र राहिले. क्रियापदाच्या धातूला प्रत्यय लागून नामे व विशेषणे कशी सिद्ध होतात, हा व्याकरणातील विषय येथे शेतकऱ्याच्या कागदपत्रांतही भेटतो.

प्रथम मराठी पाहू. अशा शब्दांना आपले वैयाकरण धातुसाधिते म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या 1911 मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांचा सविस्तर विचार आहे. ‘णी’ प्रत्ययाने पेरणी, कापणी, मळणी हे शब्द होतात, ‘णूक’ने नेमणूक, निवडणूक, ‘आई’ने लढाई, चढाई, ‘प’ने वाटप, कांडप. कधी प्रत्यय दिसतही नाही : खेळ, मार, लूट. ‘णावळ’ प्रत्यय मोबदला सांगतो. दळण्याची मजुरी ती दळणावळ, लिहिण्याची ती लिहिणावळ. खाण्याचा आकार ती खाणावळ. पुढे तेच नाव जेवणाच्या जागेला पडले. स्वयंपाकघरातील लाटणे तर क्रियेचे नाव जसेच्या तसे घेऊन साधन होऊन बसले आहे.

कन्नडची रीत वेगळी असली तरी उद्देश तोच. नंबु म्हणजे विश्वास ठेवणे, त्यावरून नंबिके. बेडु म्हणजे मागणे, त्यावरून बेडिके, म्हणजे मागणी. बित्तु म्हणजे पेरणे, त्यावरून बित्तने. काही धातूंत अंत्य ‘डु’चा ‘ट’ होतो : आडु (खेळणे) – आट, ओडु (धावणे) – ओट, नोडु (पाहणे) – नोट. उघड्यावर होणाऱ्या लोकनाट्याला बयलाट म्हणतात, त्यातील ‘आट’ हाच. तेलुगूतही खेळाला आट असेच म्हणतात.

शिक्षकांनी येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरते. त्यामुळे नंबिके, बित्तने, ओट ही सारी निरपवाद नपुंसकलिंगी होत. मराठीत मात्र पेरणी झाली, वाटप झाले, खेळ झाला, असे प्रत्ययागणिक लिंग पालटते आणि प्रत्यय नसला तर आधारही उरत नाही : मार बसला, पण लूट झाली. घरी कन्नड बोलणारा विद्यार्थी ‘पेरणी झाले’ असे लिहितो तेव्हा तो आपल्या भाषेचा नियम निष्ठेने पाळीत असतो. त्याला दटावण्यापेक्षा ‘णी’ व ‘णूक’ स्त्रीलिंगी, ‘णे’ नपुंसकलिंगी, एवढे आधी शिकवावे. पुष्कळ काम त्यातच होते.

फारसीतून उर्दूमार्गे आलेले कचेरीचे शब्दही असेच घडलेले आहेत. रसीदन म्हणजे पोचणे, त्यावरून रसीद. नालीदन म्हणजे कण्हणे, त्यावरून नालिश. फिर्यादीच्या मुळाशी कण्हणे असावे, हे समर्पकच म्हटले पाहिजे. उलट दिशेचाही दाखला आहे. कर्नाटकात जमिनीच्या हक्कपत्रकाच्या उताऱ्याला पहणी म्हणतात. ती आपल्या ‘पाहणे’ धातूपासून झालेली पाहणीच होय.

बसवकल्याणच्या परंपरेतील दोन थोर शब्द, वचन आणि अनुभव, हेही संस्कृत धातूंपासूनच झाले. वच् म्हणजे बोलणे, त्याला ‘अन’ लागून वचन. अनु आणि भू मिळून अनुभव.

आता कर्त्याविषयी. ‘पेरणी झाली’ या वाक्यात पेरणारा कोण, हे कळत नाही. क्रियेचे नाम झाले की कर्ता व काळ दोन्ही गळतात. कचेरीच्या लेखनात ‘कार्यवाही करण्यात आली’ हे इतके रुळले आहे, की कोणी केली हे विचारण्याचे कोणाला सुचतही नाही. पंचनाम्यात तरी कर्ता लिहावा.

कर्ता सांगणारे धातुसाधित किती मोलाचे, हे कर्नाटकाच्या भूसुधारणा कायद्याने दाखविले. 1 मार्च 1974 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कुळांच्या ताब्यातील जमिनी शासनाकडे निहित झाल्या आणि हक्कासाठी कुळांनी भून्यायमंडळाकडे सात नंबरच्या नमुन्यात अर्ज करावयाचे होते. ‘उळुववने होलदोडेय’, म्हणजे नांगरणारा तोच शेताचा धनी, ही त्या काळची घोषणा. उळु हा धातू, त्यापुढे ‘व’ व ‘अवनु’ येऊन उळुववनु. मराठीत ‘कसेल त्याची जमीन’ असे म्हणतात. तेथे नाम न करता क्रियापदच ठेवले आहे. कसणारा व कसवून घेणारा यांत एका प्रयोजक प्रत्ययाचे अंतर. कन्नडातही माडुववनु म्हणजे करणारा, तर माडिसुववनु म्हणजे करविणारा. माडिदवनु म्हणजे ज्याने केले तो आणि माडदवनु म्हणजे न करणारा. नकार शब्दाच्या पोटातच असतो. कन्नड कागद मराठीत उतरविताना हा ‘द’ किंवा ‘इसु’ नजरेतून निसटला, तर शेत कसणारा आणि न कसणारा यांची अदलाबदल होते.