भारंगीची भाजी

मृगाचा पाऊस पडला, की डोंगरउतारावर भारंगीला कोवळी पाने फुटतात. कोकणात नि सह्याद्रीच्या रानात ही भाजी पुष्कळांच्या ओळखीची आहे. ठाकूर, कातकरी, वारली बाया ती रानातून खुडून बाजारात आणतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ती खाल्ली असेल.

भारंगी हे झुडूप आहे. ते कमरेइतके वाढते, कधी डोक्याएवढेही होते. कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागते. पाने वीतभर लांब. त्यांच्या कडेला करवतीसारखे दाते. पुष्कळदा एका पेऱ्यावर तीन-तीन पाने असतात. फुले आली म्हणजे ओळख पक्की होते. चार पाकळ्या फिकट निळ्या, आणि खालची पाचवी गडद जांभळी. पण पाला खुडायचा तो फुले येण्याआधी. म्हणून पहिल्या खेपेला जाणत्या बाईला बरोबर न्या. नुसते वाचून रानातला पाला खाऊ नये. आमचा हा धडा वाचूनसुद्धा नको, बरं का!

भाजी कडू असते. आम्ही पहिल्यांदा खाल्ली तेव्हा तोंड वाकडे केले. चूक आमचीच होती, उकळलेले पाणी आम्ही टाकलेच नव्हते. कोवळी पाने धुवा, बारीक चिरा नि उकळा. गार झाली की घट्ट पिळा, पाणी टाकून द्या. मग तेलात लसूण, कांदा, मिरची परता. त्यात शिजवलेले वाल आणि पिळलेला पाला घाला. मीठ, गुळाचा खडा, असले तर ओले खोबरे. गरम भाकरीशी ही भाजी फार छान लागते.

भारंगीचे मूळ वैद्य खोकल्यावर, दम्यावर देतात. त्यामुळे मुळाला गिऱ्हाईक असते. पण मूळ खणले की झुडूप गेले. मुळाचे पैसे एकदाच हातात येतात. शेंड्याचा पाला खुडला, तर तो पुन्हा फुटतो, पुढच्या पावसाळ्यातही मिळतो. आणि घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर झाडपाल्यावर विसंबू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी तिथे फुकट होते.

रान लांब असले तर भारंगी परसातही लावता येते. फळे पिकून काळी-जांभळी झाली, की त्यांतले बी काढून ठेवा नि पावसाच्या तोंडाला पेरा. रोप लहान आहे तोवर शेळीपासून मात्र जपा.