पाठ ११ : आधी स्थान, मग आज्ञा

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• संगणकातील आपले स्थान ओळखू शकाल;
• फायलींची यादी पाहू शकाल व एका डिरेक्टरीतून दुसरीत जाऊ शकाल.

मूळ पाठ
अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली ‘युनिक्स’ प्रणालीची उभारणी सुरू केली. त्या काळी आज्ञा टेलिटाइप यंत्रावर टंकित करावी लागे आणि उत्तर कागदावर छापून येई. हे यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापत असे; म्हणून आज्ञा आखूड ठेवल्या गेल्या. १९९१ साली अवतरलेल्या ‘लिनक्स’मध्येही त्याच आज्ञा चालतात. त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांतच लिहाव्यात.

डिरेक्टरी म्हणजे जणू कपाटाचा कप्पा. त्यात फायली असतात, तसेच आणखी लहान कप्पेही असतात. या कपाटात वावरण्यास तीन आज्ञा पुरेशा आहेत.

१. पी-डब्ल्यू-डी : आपण कोणत्या डिरेक्टरीत आहोत, हे सांगते.
२. एल-एस : त्या डिरेक्टरीत काय काय आहे, त्याची यादी देते. पुढे जागा सोडून ‘-एल’ जोडल्यास प्रत्येक फायलीचा आकार व ती शेवटी बदलल्याची वेळही दिसते.
३. सी-डी : डिरेक्टरी बदलते. पुढे जागा सोडून डिरेक्टरीचे नाव लिहिल्यास तीत प्रवेश होतो. दोन टिंबे दिल्यास एक पायरी वर जाता येते. पुढे काहीच न लिहिल्यास आपण आपल्या मूळ घरी परततो.

समजा, आशाच्या ‘अर्ज’ या डिरेक्टरीत महत्त्वाचे अर्ज आहेत आणि तिच्या आत ‘जुने’ नावाची डिरेक्टरी आहे. ‘जुने’मधील फायली नष्ट करण्यासाठी ती ‘आर-एम’ ही आज्ञा व तारांकन टंकित करते. परंतु सी-डी देण्याचे राहून गेले आहे. अशा वेळी ‘अर्ज’मधील फायलीच नष्ट होतात. येथे कचरापेटी नाही. गेलेली फाईल सहसा परत मिळत नाही. आधी पी-डब्ल्यू-डी व एल-एस दिले असते, तर चूक तत्काळ ध्यानात आली असती.

संगणक आज्ञा पाळतो, हेतू ओळखत नाही. म्हणून आपण कोठे उभे आहोत, हे प्रथम विचारावे. पाऊल नंतर उचलावे.

पाठगत प्रश्न
१. युनिक्समधील आज्ञा आखूड का ठेवल्या गेल्या?
२. सी-डी या आज्ञेपुढे दोन टिंबे दिल्यास काय घडते?
३. आशाने कोणती खबरदारी घ्यायला हवी होती? तीन-चार वाक्यांत लिहा.