मिक्सरचे बटण बिघडले तर आधी तपासा, मग बदला

सांगली, मिरज, सातारा भागात साऊंड सिस्टीम भाड्याने देणारे व्यावसायिक आणि ती दुरुस्त करणारे कारागीर गावोगावी आहेत. लग्नसराई, उरूस आणि गणेशोत्सव हे त्यांच्या कमाईचे दिवस. जुना डीजे मिक्सर नेमका याच दिवसांत दगा देतो. एका बाजूचा आवाज जातो, बटण हलवले की खरखर होते, नाहीतर क्यू दाबूनही हेडफोनमध्ये काही ऐकू येत नाही. मालक घाबरून नव्या मिक्सरची चौकशी करू लागतो. पुष्कळदा दोष एका लहानशा स्विचचा असतो. तो कसा शोधावा, कसा दुरुस्त करावा आणि त्याचे बिल कसे करावे, ते येथे पाहू.

दोष कोठे आहे?

मिक्सर लगेच उघडू नये. आधी त्याच वायरने तेच गाणे दुसऱ्या चॅनेलवर लावून पाहावे. तेथेही आवाज तुटत असेल तर दोष वायरचा किंवा प्लेयरचा आहे. त्यानंतर फोनो-लाइन स्विच योग्य जागी आहे का ते पाहावे. टर्नटेबलच्या सुईतून साधारण 5 मिलीव्होल्टचा सिग्नल येतो, तर सीडी प्लेयरचा 2 व्होल्टपर्यंत जातो. म्हणून प्लेयर किंवा लॅपटॉप जोडून स्विच फोनोवर ठेवला की आवाज फाटतो. हा बिघाड नव्हे.

स्विच हलवताना खरखर होत असेल, किंवा बोटाने किंचित दाबल्यावर गेलेला आवाज परत येत असेल, तर संशय स्विचवर घ्यावा. अशा स्विचमध्ये डाव्या आणि उजव्या आवाजाचे कॉन्टॅक्ट वेगवेगळे असतात. त्यातला एकच काळा पडला तर एकच बाजू जाते.

उघडण्यापूर्वी

प्लग सॉकेटमधून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. आत स्विच-मोड सप्लाय असेल तर मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. मीटरने तो उतरल्याची खात्री करूनच हात घालावा. नॉब, स्क्रू आणि वायरींच्या जागांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

आधी सोल्डरचे जोड भिंगातून पाहावेत. रोज दाबल्या जाणाऱ्या बटणाच्या पायाभोवती बारीक गोल चीर पडलेली असते. तेथे थोडे नवे सोल्डर देऊन जोड पुन्हा बसवला की कधीकधी तेवढ्यावरच काम होते.

जोड ठीक असेल तर मीटर ओहमवर लावून स्विच दोन्हीकडे हलवून पाहावा. चांगला कॉन्टॅक्ट एक ओहमच्या आत दाखवतो आणि आकडा स्थिर राहतो. बीपच्या आवाजावर विसंबू नये, कारण कित्येक मीटर 30-40 ओहमलाही बीप देतात. स्विच बोर्डावर असताना शेजारच्या भागांमुळे आकडा फसवा येऊ शकतो. शंका वाटल्यास तो सुटा करून मोजावा.

सफाई

आपल्याकडे धूळ भरपूर आणि पावसाळ्यात दमट हवा. मिक्सर महिनोन्‌महिने गोडाऊनमध्ये पडला की कॉन्टॅक्टवर थर चढतो. प्लॅस्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडेसे आत सोडून स्विच 20-30 वेळा हलवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. रॉकेल, पेट्रोल किंवा शिवणयंत्राचे तेल वापरू नये. पॉलिश पेपरने घासू नये, त्याने कॉन्टॅक्टवरचा मुलामा निघून जातो. फेडरमध्ये अल्कोहोल ओतू नये, आतले ग्रीस धुऊन जाते. त्यासाठी फेडरचा वेगळा क्लीनर मिळतो.

2019 आणि 2021 सारख्या पुराच्या पाण्यात बुडालेल्या मिक्सरला एवढी सफाई पुरत नाही. तो पूर्ण उघडून, धुऊन, वाळवून आणि इन्सुलेशन तपासूनच वीज द्यावी.

बदलावाच लागला तर

पायांची संख्या, पायांमधील अंतर आणि दांडीची उंची जुळणारा स्विच घ्यावा. क्यूचे बटण लहान चौपायी असते. त्याचे दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात, म्हणून त्याची दिशा चुकवू नये. जुना काढताना आधी नवे सोल्डर देऊन मग विकने ओढून घ्यावे. एका पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त उष्णता दिली तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलते.

बारीक सिग्नलच्या जागी घरगुती लाइटचा जाड स्विच बसवू नये. त्याच्या कॉन्टॅक्टवर चढणारा थर मोठ्या करंटने तुटतो, आवाजाच्या सिग्नलने तुटत नाही. तेथे सोनेरी मुलाम्याचे कॉन्टॅक्ट टिकतात. उलट पॉवरच्या जागी सिग्नलचा नाजूक स्विच बसवला तर आग लागू शकते. तेथे 250 व्होल्टचा शिक्का असलेला आणि जुन्याइतक्याच अँपिअरचा स्विच हवा.

हम येतो म्हणून अर्थिंगची वायर कधीही तोडू नये. मिक्सर भर पावसाळ्यात, ओल्या मंडपात चालतो. त्याच्या लोखंडी खोक्याला हात लावणाऱ्या पोराचा जीव त्या एका वायरवर असतो.

चाचणी आणि बिल

काम झाल्यावर कमी आवाजात तासभर चालवावे आणि स्विच 50 वेळा फिरवून पाहावा. बिलात सफाई वेगळी आणि नवा भाग वेगळा लिहावा. काढलेला स्विच गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. नुसती सफाई करून नव्या भागाचे पैसे लावणारा कारागीर एकदाच कमावतो.

मिरजेतील शिकलगार पूर्वी शस्त्रांना धार लावीत. ते काम घटल्यावर 19व्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. त्यांनी सुरुवात केली ती दुरुस्तीपासून. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुरुस्तीच्या कामातूनच वस्तूची खरी ओळख होते. म्हणून दुकानात एक वही ठेवावी आणि प्रत्येक मिक्सरचे नाव, सापडलेला दोष व बसवलेला स्विच तीत लिहावा. पुढच्या हंगामात तीच वही निम्मा वेळ वाचवील.