हेलिकॉप्टर पडेल ही धास्ती

प्रश्न : मी चाकणला कारखान्यात नोकरी करतो. हौसेने रिमोटचे हेलिकॉप्टर घेतले. पडून मोडेल म्हणून वीतभरच उचलतो, तरी ते डुलत राहते. माझ्यात कसबच नाही का?
– एक वाचक, देहू

उत्तर : कसब राहू द्या, उंची चुकतेय. जमिनीलगत पात्यांचाच वारा उलटून येतो आणि हेलिकॉप्टर डगमगते. छातीच्या उंचीवर, शेपूट आपल्याकडे ठेवून, ते बरेच स्थिर राहते. आधी मात्र संगणकावरच्या सिम्युलेटरवर भरपूर पाडा; तिथे फुकट आहे. मग खाली सरावाचे फताडे पाय बसवा. तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते, नवशिके तिथेच गडबडतात. ते सावकाश शिका. पडतेय असे दिसताच थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर बंद करणारा, खटका ओढा. पाती जातील, मोटर आणि गिअर बहुधा वाचतील. जादा पाती घरात ठेवाच, कधीतरी पडणारच! फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका.

जागेचे म्हणाल तर देहूरोडला लष्करी हद्द आहे. ड्रोन नियम, 2021 नुसार सरकारी नकाशातल्या लाल भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही, तेव्हा नकाशा आधी पाहा. आणि इंद्रायणीच्या घाटावर, वारकऱ्यांच्या गर्दीत, अजिबात नको.