तळखोलीच्या भिंतीस तुसाचें अस्तर

पनवेल तालुक्यांत डोंगराच्या उतारावर घर बांधतांना मागील माती खणून जोतें बसवावें लागतें. त्यामुळें मागील खोलीची एक भिंत छातीइतकी जमिनींत गाडली जाते. उन्हाळ्यांत ही खोली थंड असते, म्हणून भाताच्या कणग्या तेथेंच ठेवितात. पावसाळ्यांत मात्र ती भिंत घामेजते, कणगीच्या तळाशीं बुरशी धरते, आणि दुबार पेरणीसाठीं राखलेलें बियाणें ऐन वेळीं उगवत नाहीं.

महसूल खात्याच्या नोकरींत पंचनाम्यांच्या निमित्तानें अशा पुष्कळ खोल्या मीं पाहिल्या. बहुतेक ठिकाणीं भिंतीस आंतून सिमेंटचा जाड गिलावा केलेला असे, आणि थोड्याच वर्षांत तो फुगून गळून पडे. पाणी कोठून येतें याचा शोध आधीं केलेला नसे.

पाण्याच्या वाटा दोन. एक मातींतून पाझरण्याची, दुसरी हवेची. थंड पाण्याच्या तांब्यास बाहेरून थेंब सुटतात, त्याचप्रमाणें पावसाळी हवेंतील वाफ थंड भिंतीस लागून तिचें पाणी होतें. परीक्षा सोपी आहे. श्रावणांत वीतभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीस लावून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या व दोन दिवसांनीं पाहावें. थेंब कागदाच्या भिंतीकडील अंगास असल्यास पाणी मातींतून येतें. खोलीकडील अंगास असल्यास हवेंतून येतें.

मातींतील पाण्यावर आंतून उपाय चालत नाहीं. सांगलीजवळील हरिपूर येथें हळदीचीं पेवें जमिनींत खणलेलीं असत. जमीन कोरडी होती तोंवर त्यांत हळद उत्तम टिकली. २००५ सालच्या महापुराचें पाणी शिरलें तेव्हां पुष्कळ पेवें निकामी झालीं. सारांश, जमिनीखालील जागेचें रक्षण बाहेरच्या कोरडेपणावर अवलंबून असतें. यास्तव दिवाळीनंतर भिंतीपासून तीन फूट अंतरावर उताराच्या वरील बाजूस चर खणून दगडांनीं भरावा व त्याचें तोंड घराच्या कडेनें खालीं काढावें. पायाच्या तळाहून खोल खणूं नये. छपरास पन्हळ लावावी, आणि भिंतीचा जो भाग उघडा आहे त्यास पावसाळ्यांत झड बांधावी. सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करावा. त्यांतून भिंतीची ओल सुकण्यास वाट मिळते.

पुढील श्रावणांत पुन्हां परीक्षा घ्यावी. मातीचें पाणी थांबलें असेल तरच अस्तर करावें; न थांबल्यास तूस मुळींच भरूं नये, कारण तें ओल धरून ठेवील.

चैत्रांत भिंत पूर्ण वाळल्यावर तिच्यापासून चार इंचांवर बांबूचे खांब रोवून तट्ट्या बांधाव्या. तट्ट्यांच्या मागील अंगास प्लॅस्टिकचा कागद सलग लावावा, म्हणजे खोलींतील वाफ आंत शिरणार नाहीं. मधल्या जागेंत गिरणीवरील कोरडें तूस थोडा विझविलेला चुना मिसळून दाबून भरावें. तुसांत अडकलेली हवा भिंतीची थंडी खोलींत येऊं देत नाहीं. उंदरांसाठीं तळाशीं व माथ्यावर बारीक जाळी ठोकावी, विजेची तार तुसांतून नेऊं नये, आणि वरून शेणमातीचा लेप द्यावा. तळाशीं हात जाईल एवढें झांकण ठेवून दर पावसाळ्यांत तूस चांचपून पाहावें.

तूस व बांबू बहुधा गांवांतच मिळतात. विकत घ्यावयाचा तो चुना, कागद व जाळी. तथापि अस्तर झालें तरी कणगी भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावी, आणि भात शेंकडा चौदा भागांहून अधिक ओलीचें असतांना कणगींत भरूं नये. दातांखालीं दाणा कट्‌कन फुटेपर्यंत तें उन्हांत वाळवावें. या सर्व कामास दोन पावसाळे लागतात. तोंपर्यंत दुबार पेरणीचें बियाणें तळखोलींत न ठेवितां माळ्यावर ठेवावें, हें उत्तम.