पोच येईपर्यंत

तमिळनाडूत तंजावरजवळ, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी राज्य स्थापिले. त्यामुळे या परिसरात मराठी कुटुंबे रुजली. संत त्यागराजांनी १८४७ मध्ये तिरुवैयारु येथेच देह ठेवला. दरवर्षी पौष वद्य पंचमीस त्यांच्या समाधीपाशी गायक-वादक एकत्र जमून पंचरत्न कृती गातात.

समजा, या उत्सवाचे १०० कोटी बाइटांचे चित्रमुद्रण चेन्नईस आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका तंजावरी मराठी कुटुंबास पाठवायचे आहे. जोडणी एकच; तिचा वेग सेकंदास २५ लाख बाइट. चेन्नईस प्रत सात मिनिटांत पोहोचते, अमेरिकेस मात्र तास उलटून जातो. जोडणीच मंद असावी, असा पहिला तर्क होतो. जादा पैसे भरून दुप्पट वेगाची जोडणी घेतली, तरी अमेरिकेस तास लागतोच!

याचे कारण बफरमध्ये आहे. बफर म्हणजे येणारी माहिती तात्पुरती ठेवण्याची संगणकातील जागा. त्या जागेत मावेल तेवढीच माहिती पाठवून, पोच मिळेपर्यंत पाठवणाऱ्याला थांबावे लागते. नदीपलीकडे भाताची पोती नेणाऱ्या एकाच होडीसारखे हे आहे. होडी परतल्यावाचून दुसरी खेप निघत नाही. अशा वेळी घाट रुंद करून काय उपयोग? होडीच मोठी हवी.

टीसीपी या नियमावलीत बफरची ही मर्यादा मुळात ६५,५३५ बाइट होती. अमेरिकेहून पोच येण्यास पाव सेकंद लागला, तर सेकंदात चारच खेपा होतात, म्हणजे जेमतेम २ लाख ६२ हजार बाइट. चेन्नईची पोच सेकंदाच्या पन्नासाव्या भागात येत असेल, तर तोच बफर पुरून उरतो. अमेरिकेसाठी २५ लाखांचा चौथा हिस्सा, म्हणजे ६ लाख २५ हजार बाइटांचा बफर हवा. मग तेथेही सात मिनिटेच लागतील. मर्यादा वाढविण्याची सोय १९९२ मध्ये नियमावलीस जोडली गेली. आजचे संगणक हा आकार बहुधा आपोआप ठरवितात. परंतु एखाद्या प्रोग्रामात जुना आकडा कायम केलेला असल्यास तोच तास पुन्हा वाट्यास येतो.

वाटेतील राउटरमधला बफर मात्र निराळा. तो फार मोठा असला की त्यात माहितीची रांग साचते, आणि चित्रमुद्रण जात असताना त्याच जोडणीवरून फोनवर बोलणाऱ्याचा शब्द पलीकडे उशिरा ऐकू येतो.