तिकीट किती दिवसांचं? (इयत्ता ५ वी ते ७ वी : गणित आणि परिसर अभ्यास यांना जोडणारा उपक्रम)



सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. सोमवारचा पहिला तास. हजेरी संपते न संपते तोच पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, कोल्डप्ले म्हणजे काय?" त्याची आई ज्या घरी पोळ्या करायला जाते, त्या घरातला दादा रविवारी दोन लॅपटॉप आणि तीन मोबाईल समोर मांडून बसला होता म्हणे. तरी तिकीट मिळालं नाही.

मी सांगितलं की हा इंग्लंडमधला गाणी म्हणणारा बँड आहे आणि जानेवारीत नवी मुंबईला येणार आहे. "तिकीट केवढ्याला?" मी म्हटलं, "अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत." वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी अगदी सहज बोलून गेली, "जाऊ दे रे, आपल्यासाठी नसतंच ते."

त्या बोलण्यात ना राग होता, ना हेवा. दहा वर्षांच्या पोरीनं ते मान्यच करून टाकलं होतं. मला तेच लागलं. तिकीट काढून द्यायची माझी ऐपत नाही, पण "कुणासाठी असतं आणि का?" हा प्रश्न तरी तिला विचारता यावा, एवढं मी शिकवू शकते. त्यातून हा पाठ तयार झाला.

भाग १ : रुपयांत नको, दिवसांत मोजा

आपण परदेशातल्या किमतीला आजच्या दरानं गुणतो आणि म्हणतो, "तिकडच्यापेक्षा इकडे स्वस्तच आहे की!" इथेच गडबड होते. वस्तूची किंमत फक्त रुपयांत नसते, ती कमावायला लागणाऱ्या कष्टांत असते.

एक सोपं उदाहरण घेऊ. या बँडनं मूळ तिकिटांशिवाय थोडी स्वस्त तिकिटंही ठेवली होती. भारतात त्यांची किंमत २,००० रुपये, ब्रिटनमध्ये २० पौंड. बाजारातल्या दरानं पाहिलं तर दोन्ही जवळजवळ सारखीच. आता एकमान पद्धतीनं गणित करू.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाचं किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होतं. म्हणजे २० पौंड कमवायला साधारण पावणेदोन तास लागतात.

महाराष्ट्रात २०२४-२५ साठी रोजगार हमी योजनेचा मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. २,००० ला २९७ नं भागलं की ६.७ येतात. म्हणजे जवळजवळ सात दिवस.

तिथे पावणेदोन तास आणि इथे आठवडाभर! "स्वस्त" तिकिटाची ही गत. अडीच हजाराच्या तिकिटाला साडेआठ दिवस लागतात. आणि पस्तीस हजाराच्या? ११८ दिवस. केंद्राच्या कायद्यानं तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. म्हणजे वर्षभराची हमीची सगळी मजुरी टाकली तरी एक तिकीट येत नाही. मुलांनी हा भागाकार फळ्यावर तीनदा तपासून पाहिला.

शिक्षकांसाठी सूचना : "तुझ्या घरी महिन्याला किती पैसे येतात?" हे वर्गात कधीही विचारू नका. रोजगार हमीचा दर ग्रामीण भागाचा आहे, पुण्यात मजुरी यापेक्षा जास्त मिळते, हे मुलांना सांगा. पण तो सरकारनं जाहीर केलेला आकडा आहे, म्हणून कुणाच्या घराकडे बोट जात नाही.

भाग २ : मग सगळी तिकिटं स्वस्त केली तर?

मुलांचं पहिलं उत्तर हेच होतं. म्हटलं, करून बघू.

वर्गात ३६ मुलं. मी १२ कागदी तिकिटं केली आणि चिंचोके वाटले. ६ जणांना प्रत्येकी २०, १२ जणांना ८ आणि १८ जणांना ३. कुणाला किती मिळणार हे डोळे मिटून उचललेल्या चिठ्ठीवर ठरलं.

पहिला डाव : बोली. जो जास्त चिंचोके देईल त्याला तिकीट. सगळी तिकिटं २० वाल्यांना आणि ८ वाल्यांना गेली. ३ वाल्या अठरा जणांपैकी एकालाही मिळालं नाही. गल्ल्यात मात्र शंभराच्या वर चिंचोके जमले.

दुसरा डाव : किंमत फक्त २ चिंचोके, पहिला येईल त्याला. आता सगळ्यांना परवडत होतं. मी टाळी वाजवली आणि एकच झुंबड उडाली. तिकिटं पुढच्या बाकांवरच्यांना आणि चपळ पोरांना मिळाली. आणि मग मी न शिकवलेली गोष्ट घडली. ३ चिंचोके असलेल्या एका पठ्ठ्यानं २ ला घेतलेलं तिकीट २० वाल्याला १२ ला विकलं! "बाई, माझ्याकडे १३ झाले!" तो खूश. शेजारची म्हणाली, "पण तू गाणं ऐकलंच नाहीस."

खऱ्या जगातही हेच झालं होतं. तिकिटांसाठी एक कोटीहून जास्त लोकांनी ऑनलाइन रांग लावली, तिकिटं थोड्या वेळात संपली आणि दुसऱ्या संकेतस्थळांवर तीच लाखांच्या भावात दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं चौकशी केली. उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. असे नियम करणं हे कायदेमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, असं सांगून न्यायालयानं ती फेटाळली. थोडक्यात, किंमत कमी ठेवली म्हणजे फायदा गरिबालाच होतो असं नाही. मधला दलालही तो खातो. आणि ज्याच्या घरी वेगवान नेट, त्याचं बाक आपोआप पुढचं असतं.

तिसरा डाव : किंमत २ चिंचोकेच, पण ज्यांना हवंय त्यांची नावं डब्यात टाकून चिठ्ठ्या काढल्या. तिकीट नावावर, विकायला बंदी. या वेळी तिन्ही गटांतल्या मुलांना तिकिटं मिळाली. सगळे टाळ्या वाजवायला लागले, तेवढ्यात एक मुलगी उठली. तिचे बाबा मांडवाचं काम करतात. "बाई, २४ चिंचोक्यांत गाणारा काय घेणार, लाइटवाला काय घेणार आणि मांडववाला काय घेणार?"

तिचा प्रश्न खरा आहे. स्टेज, आवाजाची यंत्रणा, परदेशातून येणारं सामान आणि माणसं यांचा खर्च, श्रोते गरीब देशातले आहेत म्हणून कमी होत नाही. "महाग आहे म्हणजे लुटतातच" असं मुलांना शिकवणंही अर्धवट ठरेल.

भाग ३ : मुलांनी काढलेला तोडगा

शेवटी गटांत चर्चा झाली आणि वर्गानं ठरवलं : ८ तिकिटं ८ चिंचोक्यांना विकायची आणि ४ तिकिटं २ चिंचोक्यांना, चिठ्ठी टाकून. गल्ल्यात ७२ जमतात, मांडववाल्याचे पैसे निघतात आणि ३ चिंचोकेवाल्यांना दार बंद राहत नाही.

बँडची दोन हजारांची तिकिटं साधारण अशीच होती. ती जोडीनंच घ्यायची आणि जागा कुठली हे त्या दिवशी तिकीट हातात पडल्यावरच कळायचं. अगदी मागची मिळेल, नाहीतर स्टेजजवळचीसुद्धा. कल्पना चांगली आहे. पण २,००० ऐवजी इथल्या मजुरीच्या हिशोबानं किंमत ठरवली असती तर? पावणेदोन तासांची मजुरी इथे शंभर रुपयेसुद्धा होत नाही! तेवढ्यात विकणं जमणार नाही, हे मुलांनाही पटलं. मग दोन दिवसांची मजुरी? वर्ग "सहाशे रुपये" वर येऊन थांबला.

आणि हे आपल्या पुण्याला नवीन नाही. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव बघा. पुढे खुर्च्या असतात, त्यांचा दर जास्त. पण भारतीय बैठकही असते, तिचा दर कमी. सतरंजीवर बसलेल्या माणसाच्या कानावर पडणारा सूर तोच असतो. गणपतीत तर कितीतरी मांडवांत गाणं फुकट ऐकायला मिळतं. आता शहरात मोठे कार्यक्रम वाढलेत. नोव्हेंबर २०२४ ला दिलजीत दोसांझ, जानेवारी २०२५ ला एड शीरन पुण्यात गाऊन गेले. अशा ठिकाणी "बैठकीची" जागा कुठे आहे, हे विचारायला काय हरकत आहे?

पालकांसाठी

मुलानं महागडी गोष्ट मागितली की आपण म्हणतो, "आपल्याला परवडत नाही." खरंच असतं ते. पण त्यापुढे एक वाक्य जोडून बघा : "चल, ही किती दिवसांच्या कामाची आहे ते काढू." पाण्याची बाटली, सिनेमा, बूट, काहीही चालेल. "परवडत नाही" आणि "आपल्यासाठी नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हिशोबाची आहे. दुसरी मनात घर करून बसते.

चर्चेसाठी प्रश्न

१. रांग, बोली आणि चिठ्ठी यांपैकी कुठली पद्धत कुणाच्या फायद्याची आहे?
२. तिकीट जास्त भावानं विकणाऱ्या मुलाचं चुकलं का? त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं?
३. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुढच्या खुर्च्या कुणाला द्याव्यात?

तिसऱ्या प्रश्नाला मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं दिलेलं उत्तर : "बाई, चिठ्ठ्या टाका. आणि डबा मी धरते."

तुमच्याही वर्गात करून बघा. चिंचोके नसतील तर खडे चालतील.